शब्दाचा अर्थ कोण ठरवतो? : आचार्य दिङ्नाग ते बाबासाहेब



विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका म्हटली की धम्म, चळवळ, बाबासाहेब यांच्यावरचे लेख असतातच आणि ते असलेच पाहिजेत. या वेळी आम्ही थोडा वेगळा विषय घेतला आहे. शब्दाला अर्थ कुठून येतो? तो कोण ठरवतो? हा विद्यापीठातल्या भाषाशास्त्रज्ञांचा प्रश्न आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कुणाला वाटेल. पण ज्या समाजाला शेकडो वर्षे एका शब्दाने गावाबाहेर ठेवले, त्या समाजाइतका शब्दाच्या अर्थाशी संबंध दुसऱ्या कुणाचा असणार? शिवाय या प्रश्नावर भारतात जे मूलगामी संशोधन झाले त्याचा मोठा वाटा बौद्ध आचार्यांचा आहे, आणि त्यातल्या सर्वांत मोठ्या आचार्याचे पाय आपल्या महाराष्ट्राच्या मातीला लागलेले आहेत, ही गोष्ट आपल्या मुलांना ठाऊक असायला हवी.

एका भांड्याची सात नावे

सुरुवात भगवान बुद्धांपासूनच करू. मज्झिम निकायात अरणविभंग सुत्त आहे. त्यात भगवंत एका साध्या भांड्याचा दाखला देतात. त्याच भांड्याला एका जनपदात पाति म्हणतात, दुसऱ्यात पत्त, तिसऱ्यात वित्थ, कुठे सराव, कुठे धारोप, कुठे पोण तर कुठे पिसील. भगवंत सांगतात की आपल्या जनपदातला शब्द धरून 'हाच खरा, बाकीचे खोटे' असा हट्ट करू नये. लोक जिथे जो शब्द वापरतात तिथे तो वापरावा. भांडण मिटवण्याचा हा उपदेश आहेच, पण त्यात भाषेचा एक सिद्धांतही दडला आहे. भांडे आणि त्याचे नाव यांचे नाते कुणी आकाशातून लिहून पाठवलेले नाही. ते लोकांनी ठरवले आहे.

सोलापूरकराला हे समजावून सांगायची गरजच नाही. आपण वाटी म्हणतो, कन्नड बोलणारी शेजारीण बट्टलु म्हणते, पद्मशाली घरात गिन्ने म्हणतात, उर्दू बोलणारे कटोरी म्हणतात. चार घरं, चार शब्द आणि आमटी तीच! ज्या गावात एकाच गल्लीत चार भाषा नांदतात, तिथल्या पोराला 'एकच भाषा देवाची, एकच शब्द खरा' हे पटवून देणं कठीणच जातं.

दुसरा दाखला सुत्तनिपातातल्या वासेट्ठ सुत्ताचा. वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन ब्राह्मण तरुणांचा वाद लागतो की माणूस ब्राह्मण ठरतो तो जन्माने की आचरणाने. ते भगवंतांकडे येतात. भगवंत म्हणतात, गवत, झाडे, किडे, मासे, पक्षी बघा. त्यांच्यात जातीजातीची वेगळी खूण अंगावरच दिसते. माणसांच्या केसात, डोक्यात, कानात, डोळ्यात अशी खूण सापडत नाही. माणसांमधला भेद हा फक्त नावाने बोलला जाणारा भेद आहे. शेती करतो तो शेतकरी, व्यापार करतो तो व्यापारी. म्हणजे 'गवत' हा शब्द आणि 'ब्राह्मण' हा शब्द दिसायला सारखे असले तरी त्यांच्यामागे उभे असलेले वास्तव सारखे नाही, हे अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितले गेले.

पुढे मिलिंदपञ्ह ग्रंथात भिक्खू नागसेन मिलिंद राजाला हेच रथाच्या उदाहरणाने पटवतात. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे. या सर्वांच्या जुळणीला व्यवहारासाठी दिलेले नाव म्हणजे रथ. आपल्याकडचा माग घ्या. धोटा म्हणजे माग नाही, फणी म्हणजे माग नाही. पण माग म्हटल्यावर विणकराला काय ते बरोबर कळतं.

समोरचा पक्ष

याच्या विरुद्ध बाजूला मीमांसक उभे होते. त्यांचे म्हणणे असे की शब्द आणि अर्थ यांचे नाते नित्य आहे, ते कुणी माणसाने केलेले नाही. हा आग्रह त्यांना धरावाच लागत होता. वेद कुणी रचला नाही, म्हणून तो चुकू शकत नाही, हे सिद्ध करायचे तर वेदातल्या शब्दांचे अर्थही माणसाच्या हातचे असून चालणार नव्हते. नैयायिकांचा मार्ग थोडा वेगळा. ते म्हणत की सगळ्या गायींत 'गोत्व' नावाची एकच नित्य वस्तू राहते. तिला त्यांनी नाव दिले 'जाति'. त्या जातीमुळेच 'गाय' हा शब्द सगळ्या गायींना लागू पडतो.

वाचकांनी इथे क्षणभर थांबावे. तर्कशास्त्रातला 'जाति' आणि समाजातला 'जात' हा एकच शब्द आहे. गायींत गोत्व असते तसे ब्राह्मणांत ब्राह्मणत्व असते, ते जन्मासोबत येते आणि जात नाही, असा युक्तिवाद मीमांसक आचार्य कुमारिल भट्टांनी सातव्या शतकात प्रत्यक्ष केला. म्हणजे शब्दार्थाचा हा वाद पोथीतला कोरडा वाद नव्हता. त्याचा निकाल गावकुसापर्यंत पोचणारा होता.

आचार्य दिङ्नाग

या पार्श्वभूमीवर आचार्य दिङ्नाग येतात. त्यांचा काळ साधारण इ. स. ४८० ते ५४० मानतात. तिबेटी परंपरेप्रमाणे त्यांचा जन्म दक्षिणेत कांची परिसरातला. ते आचार्य वसुबंधूंचे शिष्य, असे परंपरा सांगते. भारतीय न्यायशास्त्राचे रूप बदलून टाकणारा 'प्रमाणसमुच्चय' हा त्यांचा ग्रंथ. त्यात सहा प्रकरणे आहेत आणि पाचवे प्रकरण सबंध शब्दार्थावर आहे.

चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग इ. स. ६४० च्या सुमारास, दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात, महाराष्ट्रात आला होता. राज्याच्या पूर्व भागातल्या डोंगरात, खोल दरीत खोदलेल्या एका भव्य संघारामाचे वर्णन त्याने केले आहे. तो अर्हत अचलाने उभारला आणि त्याच्या दाराशी दोन्ही बाजूंना दगडी हत्ती आहेत, असे तो सांगतो. अभ्यासक हे स्थळ अजिंठा मानतात. तिथल्या सव्वीस क्रमांकाच्या लेण्यातल्या शिलालेखात स्थविर अचलाचे नाव आहे आणि सोळा क्रमांकाच्या लेण्याच्या वाटेवर दगडी हत्तीही आहेत. त्याच वर्णनात ह्युएन त्संग पुढे म्हणतो की या संघारामात पूर्वी बोधिसत्त्व 'चेन-ना' वारंवार राहत असत. हे चेन-ना म्हणजे दिङ्नाग, असे अभ्यासक सांगतात. अजिंठ्याला सहल नेतो तेव्हा आपण मुलांना चित्रे दाखवतो. यापुढे हेही सांगावे की भारताच्या एका महान तर्कपंडिताचा मुक्काम इथे होता.

अपोह म्हणजे काय?

दिङ्नागांच्या सिद्धांताचे नाव 'अपोह'. अपोह म्हणजे दूर सारणे, वगळणे. नाव जड आहे, गोष्ट सोपी आहे.

समजा आपण दुकानात गेलो आणि म्हणालो, 'सोलापुरी चादर दाखवा.' दुकानदार टॉवेल काढत नाही, सतरंजी काढत नाही. तो चादरींची चळत पुढे टाकतो. त्यात लाल आहे, निळी आहे, जाड आहे, पातळ आहे, फुलांची आहे, मोराची आहे. एक दुसरीसारखी नाही. मग 'चादर' या शब्दाने नेमकं काय केलं? सगळ्या चादरींत लपलेली 'चादरत्व' नावाची नित्य वस्तू त्याने उचलून दाखवली का? दिङ्नाग म्हणतात, नाही. शब्दाने एवढेच केले की जे चादर नाही ते बाजूला सारले. शब्दाचा अर्थ म्हणजे इतरांपासून वेगळे काढणे. त्यापलीकडे शब्दाच्या पोटात काही नाही.

यातून आणखी एक गोष्ट निघते आणि ती फार मोठी आहे. धूर दिसला की आपण आगीचे अनुमान करतो, तसेच शब्द ऐकून आपण अर्थाचे अनुमान करतो. म्हणून दिङ्नागांनी प्रमाणे दोनच मानली, प्रत्यक्ष आणि अनुमान. 'शब्द' हे स्वतंत्र प्रमाण त्यांनी मान्य केले नाही. एखादी गोष्ट पोथीत लिहिली आहे, एवढ्यावरून ती खरी ठरत नाही. ती अनुभवाच्या आणि तर्काच्या कसोटीला उतरली पाहिजे. कालामांना भगवंतांनी जो उपदेश केला त्याला दिङ्नागांनी प्रमाणशास्त्राचे बळ दिले, असे आम्हाला वाटते.

विरोधक गप्प बसले नाहीत. उद्योतकर आणि कुमारिल यांनी कडक आक्षेप घेतले. त्यांतला मुख्य असा: 'गाय' म्हणजे 'गाय नसलेल्यांहून वेगळे' म्हणता, पण गाय नसलेले ओळखायला आधी गाय ठाऊक हवी ना? मग हे गोल गोल फिरणेच झाले. आक्षेप हलका नव्हता. त्याला उत्तर दिले सातव्या शतकाच्या आसपास आचार्य धर्मकीर्तींनी, 'प्रमाणवार्त्तिक' या ग्रंथात. त्यांनी औषधी वनस्पतींचा दाखला दिला. गुळवेल आणि तिच्यासारख्या इतर वनस्पती एकमेकींपासून अगदी वेगळ्या असतात, तरी त्या ताप उतरवतात. त्यांच्यात 'तापहारकत्व' नावाची एक वस्तू बसलेली नाही. त्या एकसारखे काम करतात म्हणून आपण त्यांना एका नावाखाली आणतो. गट आपण पाडतो, तो कामावरून आणि गरजेवरून पाडतो. वस्तूंनी तो जन्मतः कपाळावर लिहून आणलेला नसतो.

याच धर्मकीर्तींनी बुद्धी नष्ट झाल्याची पाच लक्षणे सांगितली आहेत. वेदाला प्रमाण मानणे, जगाचा कुणी कर्ता मानणे, स्नानाने पुण्य लागते असे समजणे, पाप धुण्यासाठी देहाला क्लेश देणे आणि जातीचा गर्व. शब्दार्थाचा सिद्धांत आणि जातिगर्वाचा निषेध एकाच लेखणीतून यावा, हा योगायोग नाही. व्हिन्सेंट एल्टशिंगर या युरोपीय संशोधकांचा 'कास्ट अँड बुद्धिस्ट फिलॉसॉफी' हा ग्रंथ इंग्रजीत २०१२ मध्ये निघाला. वासेट्ठ सुत्तापासून धर्मकीर्तींच्या परंपरेपर्यंत जातिविरोधी युक्तिवादाचा धागा कसा चालत आला, हा त्याचा विषय आहे.

हरवलेला ग्रंथ

दुर्दैव असे की ज्या देशात हे लिहिले गेले त्या देशातून ते नाहीसे झाले. प्रमाणसमुच्चयाचा मूळ संस्कृत ग्रंथ आज उपलब्ध नाही. तो वाचला तिबेटी भाषांतरांत. महापंडित राहुल सांकृत्यायन १९२९ पासून चार वेळा तिबेटात गेले आणि तिथल्या मठांतून त्यांनी प्रमाणवार्त्तिकासह अनेक संस्कृत पोथ्या उजेडात आणल्या. जपानचे मासाकी हत्तोरी यांनी दिङ्नागांवर आयुष्यभर काम केले. प्रमाणसमुच्चयावरील जिनेंद्रबुद्धींच्या टीकेची संस्कृत पोथी तिबेटात जपली गेली होती. २००५ पासून ती छापून येऊ लागली. तिच्या मदतीने डेन्मार्कचे पाली पंडित ओले पिंड यांनी शब्दार्थाच्या पाचव्या प्रकरणावर फार कष्टाने काम केले आणि त्यांचा ग्रंथ २०१५ मध्ये व्हिएन्नाहून प्रसिद्ध झाला.

तिकडे युरोपात फर्दिनां द सोस्यूर या विद्वानाची जिनिव्हा विद्यापीठातली व्याख्याने त्यांच्या मृत्यूनंतर १९१६ साली पुस्तकरूपाने निघाली आणि आधुनिक भाषाविज्ञान सुरू झाले. शब्दाचे मोल तो इतर शब्दांपासून वेगळा असण्यात आहे, असे त्यांनी मांडले. सोस्यूर स्वतः संस्कृतचे अध्यापक होते. त्यांनी दिङ्नाग वाचले होते असे म्हणायला आधार नाही, आणि दोघांचे म्हणणे हुबेहूब एकही नाही. पण दिशा सारखी आहे, हे अनेक अभ्यासकांच्या लक्षात आले आहे.

शब्द उलटे कसे होतात

अर्थ माणसे ठरवतात म्हटल्यावर, ज्यांच्या हाती सत्ता आणि लेखणी ती माणसे अर्थ फिरवूही शकतात. याचा पुरावा आपल्या भीमेच्याच काठी आहे. पंढरपूरवरून, आपल्या जिल्ह्यातून वाहत भीमा कर्नाटकात जाते. तिथे तिच्या काठी कलबुरगी जिल्ह्यात सन्नती गाव आहे. १९८६ साली तिथल्या चंद्रलांबा मंदिराच्या आवारातील काली मंदिराचे छत कोसळले आणि मूर्तीखालची शिळा म्हणजे सम्राट अशोकाचा शिलालेख आहे असे दिसून आले! त्या शिळेवर अशोकाच्या बाराव्या लेखाचा भाग आहे. हा लेख सर्व 'पासंडां'चा आदर करा असे सांगणारा. अशोकाच्या काळी पासंड म्हणजे कोणताही धर्मपंथ. शब्दात निंदा नव्हती. पुढे वेद न मानणाऱ्यांना तो शिवीसारखा लावला गेला आणि आज 'पाखंड' म्हणजे ढोंग. अशोकाची पदवी होती 'देवानंप्रिय', देवांचा लाडका. उत्तरकालीन संस्कृत व्याकरणकारांनी 'देवानांप्रिय' या शब्दाचा अर्थ 'मूर्ख' असा नोंदवला. शिळेवर मूर्ती बसली, तसाच शब्दावर दुसरा अर्थ बसला.

आपल्या शहरातला दाखला घ्या. 'सेटलमेंट' या इंग्रजी शब्दाचा अर्थ साधी वसाहत. पण १८७१ च्या आणि नंतर १९२४ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले, त्यांना सोलापुरात तारेच्या कुंपणाआड ठेवले आणि त्या जागेला हे नाव दिले. तिथे राहणाऱ्यांच्या तोंडी सेटलमेंट म्हणजे कुंपण आणि हजेरी. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला आणि त्या माणसांसाठी नवा शब्द आला, 'विमुक्त'. माणसं तीच, रक्त तेच. कायद्यातला एक शब्द बदलला आणि जन्मजात म्हटलेला गुन्हा पुसला गेला. मग तो जन्मजात होता कधी?

बाबासाहेब आणि शब्द

बाबासाहेबांइतके शब्दांच्या बाबतीत जागरूक नेते थोडेच झाले. 'अस्पृश्य' हा शब्द नीट पाहा. तो वगळूनच तयार झालेला आहे. अपोह वस्तूंना वेगळे काढतो. या शब्दाने माणसांना वेगळे काढले. ४ नोव्हेंबर १९३१ रोजी दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या वेळी लंडनमध्ये बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी जे पूरक निवेदन दिले, त्यात 'डिप्रेस्ड क्लासेस' हे नाव बदलण्याची मागणी होती, कारण त्या नावात हीनपणा होता.

जानेवारी १९३८ च्या पहिल्या दिवशी बाबासाहेब आपल्या सोलापुरात होते. इथे ख्रिस्ती बांधवांच्या सभेत त्यांचे भाषण झाले. त्याच महिन्यात मुंबई विधानसभेत स्थानिक मंडळांच्या विधेयकाद्वारे अस्पृश्यांना 'हरिजन' हे नाव कायद्यात देण्याचा प्रश्न आला. स्वतंत्र मजूर पक्षाने कडाडून विरोध केला. आम्ही देवाची माणसे, तर मग बाकीचे कुणाचे? असा तो रोखठोक सवाल होता. विरोध मानला गेला नाही तेव्हा बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी सभागृहातून बाहेर पडले. बघा, तो सवाल अपोहाचाच आहे! एखाद्या शब्दाचा खरा अर्थ कळायचा असेल, तर तो कुणाला बाहेर ठेवतो ते विचारावे.

त्यांच्या परिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये निघालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी कर्म, पुनर्जन्म, अहिंसा हे शब्द एकेक करून तपासले. शब्द दोन्हीकडे सारखे दिसतात म्हणून अर्थ सारखा समजू नका, असे त्यांनी बजावले. धर्म आणि धम्म यांतला फरकही तिथेच उलगडला आहे. आजारपणातही ते पाली व्याकरणावर आणि शब्दकोशावर काम करत राहिले. महाराष्ट्र शासनाने ते काम त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या सोळाव्या खंडात १९९८ साली प्रसिद्ध केले. त्या कोशात पाली शब्दांना इंग्रजीबरोबर मराठी, गुजराती आणि हिंदी अर्थही दिलेले आहेत.

आता आपली पाळी

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आपण नवा शब्द स्वीकारला, 'बौद्ध'. त्यानंतर सवलतींसाठी अनेक घरांत दाखल्यावर एक शब्द आणि देव्हाऱ्याच्या जागी दुसरा शब्द, अशी ओढाताण झाली. बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती मिळण्याचा कायदा १९९० साली झाला. तरीही शासकीय योजनांच्या नावांत 'नवबौद्ध' हा शब्द टिकून आहे. १९५६ साली दीक्षा घेतलेल्यांची पतवंडे शाळेत जाऊ लागली, आता हे 'नव' किती दिवस? डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. चांगलेच झाले. पण दिङ्नागांचा धडा हा आहे की पाटी बदलल्याने अर्धेच काम होते. शब्दाचा अर्थ पाटीवर नसतो, तो वापरात असतो. भीमनगरचा पत्ता सांगितल्यावर घरमालकाचा चेहरा बदलत असेल, तर जुना अर्थ नव्या शब्दात शिरला असे समजावे.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. आपल्या विहारात रविवारी मुले त्रिसरण-पंचशील म्हणतात, त्या वेळी एका पाली शब्दाचा अर्थ त्यांना समजावून द्यावा. तोंडपाठ शब्द पुन्हा पोथीचा मंत्र होतो. समजलेला शब्द आचरणात येतो. 'बौद्ध' या शब्दाचा अर्थ कोश ठरवणार नाही, सरकारी दाखलाही ठरवणार नाही. आपण शेजाऱ्याशी कसे वागतो, घरातल्या लेकीसुनांना कसे वागवतो, आपल्याहून खालच्या समजल्या गेलेल्या जातीच्या माणसाला पंगतीत कुठे बसवतो, यावरून लोक तो अर्थ लावणार आहेत. अर्थ ठरवण्याचे काम एके काळी दुसऱ्यांच्या हातात होते. आता ते आपल्या हातात आले आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!